उलट्या फेऱ्यांचा घेवडा

माझे वडील चनबसाप्पा गुळाचे व्यापारी. शाहू महाराजांच्या राज्यात गुळाच्या पेठेत अप्पांचा शब्द खाली पडत नसे. घरात मात्र एका घेवड्यापुढं त्यांचं काही चालेना.

घेवडा आईचा. लाल फुलांचा, जांभळ्या ठिपकेदार बियांचा. बाजारात मिळायचा नाही. आई दर पावसाळ्यात परसात मांडव घालून तो लावायची आणि दुपारी त्याच मांडवाखाली सतरंजी टाकून आडवी व्हायची. "आळशी बाई हाय," असं अप्पा शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायचे. गेल्या वर्षी ती गेली. मागं गाडग्यात, राखेत ठेवलेलं मूठभर बी उरलं.

मी पहिल्या बाळंतपणाला कुरुंदवाडहून माहेरी आले ती डोहाळे घेऊनच. दुसरं काही गोड लागेना, आईच्या घेवड्याची भाजी हवी. अप्पांनी माझं पत्र वाचून मृगातच सगळं बी पेरलं होतं, एकही दाणा मागं ठेवला नव्हता. आता शेंग धरली नाही तर माझे डोहाळे राहिलेच, वर आईचं बीही संपलं.

वेल आले झोकात. पण अप्पांना त्यात खोट दिसली. देवळात आपण देव उजव्या हाताला ठेवून फिरतो. हे वेल काठी डाव्या हाताला ठेवून चढत होते.

"उलटी प्रदक्षिणा! आन् तीबी पोटुशी पोरगी घरात असताना?"

झालं. रोज सकाळी पूजा उरकली की कपाळावरच्या भस्मासकट अप्पा परसात. हाताला येईल तो शेंडा सोडवायचा, सुलटा गुंडाळायचा, सुतळीनं बांधायचा. दुसऱ्या दिवशी शेंडा पुन्हा आपल्याच वाटेनं. अप्पा हट्टी, वेल त्यांच्याहून हट्टी आणि कळ्या गळून चिखलात. मी ओरडले, रडले, एकदा तर भरल्या ताटावरून उठले. "तुझ्याच भल्याचं करतोय," एवढंच उत्तर. असला राग यायचा मला!

श्रावण संपत आला तरी शेंग दिसेना. भिंतीपलीकडच्या ताजबीचाची कापूस पिंजायच्या, गाद्या भरायच्या. महिनाभर हा तमाशा बघून त्या विटल्या असाव्यात. एका दुपारी त्या डोक्यावर गादी घेऊन थेट परसात आल्या. मांडवाखाली त्यांनी गोणपाट अंथरलं, वर गादी टाकली आणि अप्पांना हाक मारली.

"अण्णा, पागोटं काढा आन् निजा."

"मला काय धाड भरलीया निजायला?"

"तुम्ही वेलाला वरनं बघताय. त्यो बिचारा जमिनीतनं वर जातोय. त्याच्या जागंवरनं बघा की एकदा."

अप्पा कुरकुरत आडवे झाले. काठीच्या बुडापासून वेलाच्या मागोमाग हवेत बोट फिरवू लागले. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. आरतीचं ताट फिरतं तसंच ते फिरत होतं.

"व्हय की गं ताजबी! सुलटाच हाय की ह्यो!"

मग बोट हवेतच थांबलं. मी घाबरले. "अप्पा?"

"गौरा, शेंगा हायत."

दोन-तीन वेल अप्पांच्या नजरेत यायच्या आधीच मांडवावर चढले होते. तिथं त्यांचा हात पोचला नव्हता. उभ्या माणसाला नुसती पानं दिसायची, शेंगा खालच्या बाजूला लोंबत होत्या. मला या पोटामुळं वाकून आत बघता आलं नव्हतं.

"अकरा... बारा... तेरा." अप्पा मोजता मोजता थांबले. "ती हितं पडून ह्येच बघायची व्हय. आन् मी तिला आळशी म्हणत हुतो."

महिनाभर साठवलेलं भांडण मला काही केल्या आठवेना. मांडवाबाहेर राहिलेला त्यांचा पाय तेवढा धरून मी बसले.

"रडू नका अण्णा, गादी भिजंल," ताजबीचाची म्हणाल्या. "गिऱ्हाइकाची हाय."

तीन शेंगांना बियाण्यासाठी दोरा बांधला. बाकीच्यांची वाटीभर भाजी झाली, ती मी एकटीनं चाटूनपुसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पेठेतून पिराजी दिवाणजी अप्पांना शोधत आले. अप्पा मांडवाखाली आईच्या सतरंजीवर आडवे होते.

"अप्पा कामात हायत," मी सांगितलं, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.