सरांचं नाव वर

मुलाखतीच्या दिवशी सकाळपासून विजयाचा पाय घरात ठरत नव्हता. भाजीत मीठ दोनदा पडलं, इस्त्रीची साडी पुन्हा इस्त्री झाली, आणि नवरा, चंद्रकांत, तिला सोडायला बँकेतून रजा काढून निघाला, तर ही त्याच्या आधीच स्कूटरपाशी जाऊन उभी. विद्यापीठात रीडरची, म्हणजे वरच्या प्राध्यापकाची जागा होती, अख्ख्या सुरतेत तिच्या विषयाची एकुलती एक. मिळाली तर स्वतःची प्रयोगशाळा. नाही मिळाली तर दुसऱ्याच्या फ्रीजमध्ये एक कप्पा मागून जिवाणू सांभाळायचे, तेही तोंडदेखलं हसत.

तिच्या कामाबद्दल वाद नव्हता. सुरतेजवळच्या पलसाण्याचे कापड रंगवणारे डाइंगवाले जे लाल-निळं पाणी नाल्यात सोडतात, तसल्या पाण्यातला रंग तोडणारं जिवाणूतलं जनुक तिनं पुण्यात शिकत असतानाच हुडकलं होतं. त्यावरच्या निबंधाचा हवाला जपानपासून जर्मनीपर्यंत शंभरावर लोकांनी दिला होता. घोडं अडत होतं दुसरीकडेच. कोणाचा हवाला किती जणांनी दिला, हे सांगणारे जे जाडजूड खंड निघतात, ते निबंध फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली मांडतात. आणि पहिलं नाव होतं तिच्या गाईडचं, टिळेकर सरांचं.

ते तिथं घातलं कोणी? हिनंच. सर त्या वर्षी परिषदांमधून फिरत होते, प्रयोग आणि लिखाण सगळं हिचं. गुरुपौर्णिमा जवळ आली तशी बाकीच्यांनी शाल आणली, नारळ आणला. ही धुळ्याच्या मास्तरांची मुलगी, हिला वाटलं आपण काहीतरी मोठं द्यावं. टाइप केलेल्या निबंधावर तिनं सरांचं नाव वर घेतलं, आपलं खाली, आणि फुलांसकट तो त्यांच्यापुढे ठेवला. सर म्हणाले, अगं, हे कशाला. मग चष्मा लावून त्यांनी तो वाचला आणि दुसऱ्या दिवशी छापायला पाठवून दिला. भक्तीच्या भरात आपण काय देतो ते देणाऱ्याला कळत नाही; घेणाऱ्याला बरोबर कळतं.

आता मुलाखतीला बाहेरचे तज्ज्ञ म्हणून सरच आले होते. ते ऐकल्यापासून तिला एका घटकेला हायसं वाटे, दुसऱ्या घटकेला घाम फुटे. सर सांगतीलच, असं ती स्वतःला बजावत होती.

समितीचे अध्यक्ष सौम्य गुजराती गृहस्थ होते. त्यांनी खंडांतून काढलेला आकडा वाचला. विजयाच्या नावावर हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच हवाले. मग पुण्याच्या निबंधाचं काय, असं तिनं विचारलं. अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं. सर मायेनं हसले आणि म्हणाले की मुलगी फार कष्टाळू, त्या कामात तिची खूप मदत झाली.

मदत! विजयाच्या अंगाचा तिळपापड झाला. जनुक कोणी शोधलं, निबंध कोणी लिहिला, नाव वर कसं गेलं, सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. अध्यक्ष पेन्सिलीशी चाळा करत बसले.

सर चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात, मराठीत म्हणाले, “विजया, मी मागितलं होतं का?”

“नाही सर, मीच दिलं,” ती म्हणाली. “पण ते काम कोणाचं, हे तुम्हाला माहीत आहे. तेवढं इथं सांगा. आज मी मागतेय.”

सरांनी चष्मा पुसला. मग इंग्रजीत अध्यक्षांना म्हणाले, पुढचा प्रश्न घेऊ या. पुढचा प्रश्न आठवड्याला किती तास शिकवता, हा होता. तिनं काय उत्तर दिलं ते तिचं तिलाही आठवत नाही.

बाहेर चंद्रकांत चहाच्या टपरीवर थांबला होता. ती त्याला ओलांडून पुढे निघाली, तसा तो मागे धावला. काय झालं, विचारू लागला.

“जागा गेली.”

“चालसे, विजू, चालेल. दुसरी निघेल. सर काही बोलले का?”

“काही नाही. निघताना ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते, मी पाया पडेन म्हणून,” ती म्हणाली. “मी नाही वाकले.”

आणि जागेसाठी डोळ्यांतून टिपूस न काढलेली विजया, आपले सर गेले म्हणून भर रस्त्यात रडायला लागली.