भार टाकाल तर

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे, आणि रागावणं माझ्या स्वभावात नसलं तरी अलीकडे मला फार वैताग येतो.

सुताराने मला घडवलं तेव्हा मूठ घासून गुळगुळीत केली आणि तळाला रबर बसवलं. पुढे मी शाळेच्या शिपाईकाकांकडे आले. त्यांचा उजवा गुडघा दुखायचा. त्यांच्यासोबत मी रोज एकच नेम पाळला: कुणी भार टाकला तर तो सोडायचा नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर काकांनी मला कौतुकाने शाळेला दिलं, आणि शाळेने मला नाटकाच्या कपाटात टाकलं.

तेव्हापासून दर वर्षी तोंडी परीक्षेला मुलं स्वगत सादर करतात. स्वगतात म्हातारा असला की मी आलेच. कंबर वाकवायची, हात थरथरवायचा, तीनदा खोकायचं. वाक्य आठवलं नाही की मला जमिनीवर आपटायचं. आपटून आपटून तळाचं रबर कधीच निघून गेलं. भार मात्र एकानेही टाकला नाही. मिटलेल्या छत्रीसारखी मिरवतात मला.

यंदा चिमणी मला घरी घेऊन गेली. आवाज बारीक, म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव. मागच्या खेपेला ती स्वगत विसरून रडत खाली उतरली होती. ही फेरपरीक्षा. यातही गप्प राहिली तर नापास. तिला व्हायचं होतं दुकान कायमचं बंद करणारा म्हातारा घड्याळजी.

"आई, मी म्हातारा वाटते का गं?"

"पोट दुखल्यासारखी वाटतेस," आई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली.

आठवडाभर हेच. मी पार विटले. परीक्षेच्या सकाळी फाटकाशी शिपाईकाकांनी तिला अडवलं.

"तुझ्या म्हाताऱ्याचा कोणता गुडघा दुखतो?"

"उजवा."

"मग काठी डाव्या हातात घे. आणि टेक की नीट. मोडायची नाही ती."

"घसरली तर, काका?"

काकांनी माझा तळ पाहिला. "अनवाणी हिंडवलंय बिचारीला," असं पुटपुटत त्यांनी खोलीतून नवं रबर आणून बसवलं.

वर्गासमोर तिसऱ्या वाक्याला चिमणी अडली. झालं, आता आपटणार, असं मला वाटलं. पण तिचा डावा हात माझ्या मुठीवर घट्ट झाला आणि सगळा भार माझ्यावर आला. इतक्या वर्षांनी. मी सोडला नाही.

वर्गाला वाटलं, म्हातारा दम घेतोय. कुणी हसलं नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"चाळीस वर्षं लोकांची घड्याळं लावली," चिमणी बारीक आवाजात म्हणाली. "उद्यापासून मला कुणी विचारायचं नाही, किती वाजले." शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

संपल्यावर बाईंनी विचारलं, "मध्ये थांबायला कुणी शिकवलं?"

"विसरले होते, बाई."

"बरं. पास आहेस. हे बाहेर सांगत बसू नकोस."

तिने मला भिंतीला हलकेच टेकवून ठेवलं. चला, दिवस सार्थकी लागला, असं मी म्हणते आहे तोवर पुढचा मुलगा आला. त्याने मला उजव्या हातात धरलं, उजवाच पाय ओढला आणि तीनदा खोकला.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. रबर झिजलं की बदला. मला आपटू नका. आणि हातात घेतलंत तर भार टाका. नुसतं मिरवलंत की मी फार दमते.