अननसातली कोंबडी

झाकण काढलं आणि आत कोंबडी दिसेना.

म्हणजे कोंबडी होती, पण कोंबडीच्या आकारात नव्हती. काल संध्याकाळी मी चांगले आठ तुकडे ठेवले होते. आता पातेल्यात पांढुरका लगदा होता आणि त्यातून हाडं आपापल्या वाटेनं निघाली होती. एक तंगडी चिमट्यानं उचलली, तर हाड वर आलं आणि मांस खालीच राहिलं. घड्याळात चार वाजले होते. सातला मुलगी आणि जावई जेवायला येणार. रविवार, त्यामुळे चिकनचं दुकान दोनलाच बंद झालेलं. माझी चांगलीच तंतरली.

नुसतं जेवण असतं तर अंडी उकडून वेळ मारून नेली असती. पण ही परीक्षा होती. बायको जाऊन दहा महिने झाले. हे दहा महिने मी पाव, केळी आणि चहावर काढले, आणि विजार सरकायला लागली तशी पट्ट्याला ड्रिलनं तीन नवी भोकं पाडली. मागच्या महिन्यात ती भोकं मुलीच्या नजरेला पडली आणि तिनं घर डोक्यावर घेतलं.

"बाबा, सामान बांधा. आमच्याकडे राहायचं आता."

"का? मी काय लहान बाळ आहे?"

"लहान बाळ निदान वेळेवर जेवतं!"

खूप वाजलं आमचं. मला हे घर सोडायचं नव्हतं. खाली माझं वर्कशॉप, वर दोन खोल्या, सगळं हाताखालचं. शेवटी तोडगा तिनंच काढला. मी एकदा स्वतःच्या हातानं नीट जेवण करून दाखवायचं. उन्हाळ्यात सोसेल असं हलकं, तेल नावापुरतं, ताजी फळं, पुदिना-कोथिंबीर आणि कोंबडी. जमलं तर ती हा विषय जन्मात काढणार नाही. नाही जमलं तर मी निमूटपणे गाडीत बसायचं. कृतीही तिनंच कागदावर लिहून दिली. त्यात एक ओळ होती, 'अननसाच्या रसात अर्धा तास भिजवणे.'

अर्धा तास! अडतीस वर्षं मी पंप दुरुस्त करतोय. गंजलेला नट अर्धा तास रॉकेलमध्ये ठेवा, ढिम्म हलत नाही. रात्रभर ठेवा, सकाळी बोटानं फिरतो. भिजवण्यातलं मला ही काय शिकवणार, असं म्हणून मी अख्खा अननस किसला आणि काल सहालाच कोंबडी त्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवून दिली. अननस मांसाहारी असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जावयाला फोन लावला. ते दातांचे डॉक्टर आहेत. माणूस लाख मोलाचा, फक्त बायकोपुढे त्यांची बोलती बंद असते.

"जावईबापू, कोंबडी विरघळली."

ते हळूच म्हणाले, "बाबा, ती अंघोळीला गेलीय, ऐका. आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात अगदी असंच चिकन मिळतं. मी माझ्या अवजारांच्या बॅगेतून आणतो. तुम्ही फक्त गरम करा. तिला पत्ताही लागणार नाही."

मोह झाला. खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणीसुद्धा सुटलं. पण जुन्या बेअरिंगला पॉलिश करून नवं म्हणून मी कधी कुणाच्या पंपात बसवलं नाही, आणि तसं करणाऱ्याला माझ्या दारात उभं केलं नाही.

"नको," मी म्हणालो. "माझ्या हातानं बिघडलंय ते."

"मग आता काय करणार?"

"दुरुस्त."

म्हणायला सोपं होतं. एकेक हाड वेचलं. लगदा फडक्यात बांधून पिळला. घरात पावाला तोटा नव्हताच. चार पाव कुस्करून त्यात घातले. मूठभर पुदिना, कोथिंबीर, दोन मिरच्या, लिंबू, मीठ. तव्यावर रंगाच्या कोऱ्या ब्रशनं तेल लावलं आणि टिक्क्या थापल्या. पहिली तव्यावर पसरली ती उचलेचना. दुसरी उलथन्याला धरून बसली. तिसरीला मी आईवरून शिवी दिली, तेव्हा ती उलटली. साडेसहापर्यंत अकरा टिक्क्या झाल्या, एकीचा आकार दुसरीसारखा नाही. ती भरपाई मी फळांत केली. कलिंगडाचे आणि आंब्याचे चौकोन कॅलिपरनं मोजून कापले, वर लिंबू पिळलं, पुदिना पेरला आणि गार करत ठेवले.

सातला दोघं आली. मुलगी ताटावर बसली आणि नुसती बघत राहिली.

"बाबा, हे काय आहे?"

"कोंबडी."

"कुठेय?"

"सगळीकडे."

जावयांनी घाईघाईनं घास घेतला. "वा! दातांना अजिबात त्रास नाही," ते म्हणाले, आणि टेबलाखालून त्यांना काहीतरी जोरात लागलं.

मुलीनं एक घास खाल्ला. मग फळ खाल्लं. मग पुन्हा टिक्की.

"किती वेळ भिजवलीत?"

एक तास म्हणून सुटता आलं असतं.

"बावीस."

"मिनिटं?"

"तास."

"मी अर्धा तास लिहिलं होतं ना?"

"वाचलं मी. मला वाटलं, तू घाई करतेयस."

तिनं चमचा खाली ठेवला आणि हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, "आई असती तर..." म्हणाली आणि मग ते पाणी नुसतं हसण्याचं राहिलं नाही. दहा महिन्यांत तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं. माझ्याच फजितीवर का होईना, मला फार बरं वाटलं.

मी उठलो. "नापास तर नापास. बॅग भरायला घेतो."

"बसा खाली," ती डोळे पुसत म्हणाली. "यांनी मला गाडीत सगळं सांगितलंय."

जावयांनी कलिंगडात तोंड खुपसलं.

"हॉटेलचं वाढलं असतंत ना, तर आजच उचलून नेलं असतं तुम्हाला. कागद लिहून दिला तेव्हा मला कोंबडीची काळजी नव्हती, बाबा. वाटायचं, काही बिघडलं की तुम्ही सोडून द्याल आणि पाव खाऊन झोपाल. सोडलं नाहीत." तिनं आणखी एक टिक्की घेतली. "मीठ जास्त झालंय. पण पास. आता हा विषय मी काढणार नाही. शब्द म्हणजे शब्द."

मी अशी छाती फुगवली की पट्टा काचला. अकराच्या अकरा टिक्क्या संपल्या. चार एकट्या जावयांनी खाल्ल्या, बहुतेक भीतीपोटी.

आठला त्यांना सोडायला खाली उतरलो. जावयांनी गाडी मागे-पुढे करत बाहेर काढली. मुलीनं काच खाली केली आणि माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता म्हणेल, चला ना बाबा. मी नाहीच म्हणालो असतो. पण तिनं एकदा तरी विचारायला हवं होतं.

"गोळ्या वेळेवर घ्या," ती म्हणाली.

"घेतो."

काच वर गेली. शब्दाची पक्की आहे पोरगी, माझ्यावर गेलीय. गाडी वळेपर्यंत मी फाटकात उभा राहिलो. मग वर येऊन तीन ताटं घासली आणि ओट्यावर पालथी घातली.