सेनापतींचे उघडे गुडघे

एरेगॉट लिंडनर मास्तरांनी ड्रेस्डेनमध्ये चाळीस वर्षं शिल्पकला शिकवली आणि चाळीस वर्षं एकच घोडं दामटलं: ग्रीकांनी केलं तसं करा. समोर बटाट्यासारख्या नाकाचा खाटीक बसलेला असला, तरी नाक ग्रीकच निघालं पाहिजे. स्वतः मास्तरांच्या वाट्याला मात्र थडगीच आली. पासष्टाव्या वर्षी, हात थरथरू लागल्यावर, चौकात उभा राहणारा पहिला पुतळा त्यांना मिळाला, दिवंगत सेनापती फॉन कोस्पोट यांचा. हा हुकला असता तर दुसरा मिळणार नव्हता.

मातीचा नमुना झाला. ग्रीक वीराचा वेश, गुडघे उघडे. आता सेनापतींच्या पत्नीने हो म्हटलं की संगमरवर येणार होता.

कोस्पोटबाईंनी पुतळ्याभोवती एक फेरी मारली. "ह्यांची विजार कुठेय?"

"बाईसाहेब, वीराला विजार नसते. तो चिरंतन असतो."

"असेल. पण ह्यांना सांधेदुखी होती. जानेवारीत चौकात असे उभे राहणार होय?"

"दगडाला थंडी वाजत नाही हो."

"तुम्हाला काय ठाऊक? त्यांचे पाय तुम्ही चेपलेत का कधी?"

यावर ग्रीकांनी काहीच सांगून ठेवलेलं नव्हतं. विचार करून कळवते, असं म्हणून बाई गेल्या.

सोमवारी सकाळी मास्तर विद्यार्थ्यांसह आले, तर कार्यशाळेचं दार उघडं. रविवारभर पेटलेली शेगडी पुतळ्याच्या पायाशी ओढलेली, पहाटे विझून गेलेली. माती ओली राहावी म्हणून गुंडाळलेली फडकी घडी करून स्टुलावर ठेवलेली. पुतळ्याच्या अंगावर सेनापतींचा जुना करडा झगा, आणि शेजारी पातळ शालीत कुडकुडणाऱ्या कोस्पोटबाई.

"सांधेदुखीच्या माणसाला ओल्या फडक्यांत ठेवता?" त्याच चिडल्या होत्या. "शत्रूनंसुद्धा असं केलं नव्हतं."

माती वाळून दोन्ही गुडघे तडकले होते, ढलप्या पायाशी पडल्या होत्या. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झगा ओढून काढायला त्यांनी हात घातला आणि तो तिथेच थांबला. खांद्यावरून उतरलेलं कापड डाव्या गुडघ्याशी एकदाच, हलकेच खोचलेलं होतं. तीस वर्षं खोचणाऱ्या हातालाच ते जमावं. असली चुणी मास्तरांनी कुठल्याच ग्रीक पुतळ्यावर पाहिली नव्हती. त्यांना लाज वाटली. चाळीस वर्षं कापड घडवायला शिकवलं, पण कुणाला पांघरूण म्हणून कधी घातलं नव्हतं.

"बाईसाहेब, काढा आणि पुन्हा घाला. सावकाश. पोरांनो, वह्या काढा."

"गुरुजी, हे ग्रीकांचं आहे का?"

"गप बस आणि बघ."

बाईंनी झगा पुन्हा घातला. मास्तरांनी विचारलं, "थंडीनं काकडताय, हा तुम्हीच का नाही पांघरत?"

"त्यांचा आहे तो. त्यांना लागेल."

दोन वर्षांनी, ऐन जानेवारीत, पुतळा चौकात उभा राहिला. संगमरवरी झग्याने दोन्ही गुडघे झाकलेले. भाषणं संपल्यावर कोस्पोटबाई पुढे झाल्या आणि गुडघ्याशी खोचलेली दगडी चुणी त्यांनी ओढून पाहिली. पक्की होती. मग हातावरचा करडा झगा उलगडून त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला.

"आता हा मला चालेल," त्या मास्तरांना म्हणाल्या, आणि घरी गेल्या.