प्रेमलाच्या दारातली शिंदी

मित्रांनो, सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. मी नारळ नाही. जालन्याच्या या गल्लीत मला चौदा वर्षं झाली, पण दारात आलेला प्रत्येक पाहुणा मान वर करून विचारतोच, की याला नारळ का लागत नाहीत? मी खजूरही नाही. ती माझी श्रीमंत चुलत बहीण, तिचा थाट वेगळा. मी साधी, काटेरी, गावरान शिंदी आहे. आता कोणी गावंढळ म्हटलं तरी मला राग येत नाही.

घनसावंगीच्या पुढे गोदावरीला एक ओढा मिळतो. त्या ओढ्याच्या काठी माझा जन्म झाला. तिथे आम्ही वीस-पंचवीस जणी होतो. आम्हाला कोणी लावलं नव्हतं आणि पाणी तर कोणी कधीच घातलं नाही. रखमाजी नावाचे एक गृहस्थ रोज दुपारी आपली मेंढरं आमच्याखाली बसवायचे. आमची सावली विरळ, पण मेंढरांनी कधी तक्रार केली नाही. रखमाजींची मुलगी प्रेमला माहेरी आली की ओढ्यावर यायची, आमची पिवळी फळं खायची आणि बिया इकडेतिकडे थुंकायची. त्यातल्याच एका बीमधून मी उगवले असावे, असा मला दाट संशय आहे.

मी गुडघ्याएवढी झाले, त्या वर्षी ओढा रुंद करायचं ठरलं. पाणी अडावं म्हणून ते काम होतं आणि ते चांगलंच होतं, पण काठावरच्या आम्ही वाटेत येत होतो. प्रेमला दिवाळीला आली होती. उद्या मशीन येणार हे कळल्यावर ती कुदळ घेऊन आली आणि सगळ्यात लहान म्हणून मला मातीच्या गड्ड्यासकट उकरून काढलं. दुसऱ्या दिवशी बाकीच्या सगळ्या गेल्या. ओढ्याकाठच्या आमच्यापैकी मी एकटी उरले. त्याचं दुःख मला अजून होतं.

जालन्याला मी जीपनं आले. ड्रायव्हर मला टपावर टाका म्हणत होता, पण प्रेमलानं ऐकलं नाही. गोणपाटात गुंडाळून तिनं मला मांडीवर घेतलं. अंबड येईपर्यंत मी चार प्रवाशांना टोचले होते. एक पागोटेवाले आजोबा तर आपलं गाव यायच्या आधीच उतरून गेले.

प्रेमलाचा नवरा त्रिंबक एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये कामाला आहे. दोन खोल्यांचं घर आणि पुढे अंगण म्हणून दहा बाय बाराचा तुकडा. त्रिंबकला तिथे पेरू लावायचा होता. पण प्रेमलानं सगळ्यात जास्त ऊन येणारी जागा माझ्यासाठी निवडली. खड्ड्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत घातलं. माझी मान मातीत गाडली जाणार नाही एवढंच मला खोल बसवलं. जून पानं काढून चारच ठेवली आणि मुळं धरेपर्यंत ती चिंधीनं सैल बांधून ठेवली. पहिल्या वर्षी चार दिवसांआड पाणी मिळालं, नंतर उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा. तिनं माझे फाजील लाड केले नाहीत, हे तिचे उपकार. शेजारच्या दारातले गुलाब लाडानं गेले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

समोरच्या घरातले धर्मराज मात्र मला पाहून नाक मुरडत. आता दारातच शिंदी लागली, मग त्रिंबकराव, मडकं कधी बांधताय, असं ते चारचौघांत विचारायचे, कारण आमच्या खोडाला मडकं बांधून शिंदीची दारू काढतात. लोक हसायचे आणि त्रिंबक खाली मान घालून निघून जायचा. मला त्याचा राग यायचा नाही, कीव यायची. पुढे मी वाढले, बुलबुलांनी माझ्यात घरटं केलं. दर दिवाळीला प्रेमला माझी वाळलेली खालची पानं कापून त्यांचा फडा बांधू लागली. त्या फड्यानं अंगण असं काही स्वच्छ निघायचं, की धर्मराजांच्या बायकोनंच एक मागून नेला. त्यानंतर मडक्याचा विषय निघाला नाही. ते दिवस माझ्या मानाचे होते.

आता मला एक गोष्ट समजावून सांगायची आहे. माझ्या डोक्यात मधोमध कोवळी पानं घट्ट गुंडाळून सुईसारखी उभी असतात. त्याला पोंगा म्हणतात. त्या पोंग्याच्या बुडाशी, आत खोल, माझा जीव आहे. लिंबाची फांदी तोडा, दुसरी फुटते. पण आमच्या जातीला दुसरी फांदी नाही. आम्हाला वाढायचा एवढा एकच रस्ता.

हे त्रिंबकला माहीत नव्हतं. तो कपाशीच्या रानात लहानाचा मोठा झाला होता. कपाशी उंच गेली की तिचे शेंडे खुडायचे, म्हणजे बाजूनं फुटवे येतात आणि झाड पसरतं, हे त्याच्या हातांना पाठ होतं. माझे काटे आता फाटकापर्यंत आले होते आणि प्रेमलाचा पदर त्यांत दोनदा फाटला होता. यंदा होळीनंतर रखमाजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून प्रेमला पंधरा दिवस माहेरी गेली. ती परत यायच्या आत झाड कसं छान डेरेदार करून ठेवू, असं त्रिंबकच्या मनात आलं. तो स्टुलावर चढला. त्यानं माझी हिरवी पानं सगळी उतरवली आणि शेवटी कोयत्यानं पोंग्याचा शेंडा उडवला.

त्रिंबक मनानं वाईट नाही, हे कोयता सोसूनही मी सांगते. पण त्या दिवशी मी फार घाबरले. घाव जीवापर्यंत गेला की वरच्यावर निभावलं, ते माझं मलाही कळेना.

प्रेमला आली ती फाटकातच थांबली. पिशवी खाली ठेवून तिनं माझ्या बुंध्यावर हात ठेवला. आता बघ चारी बाजूंनी कशी फुटते, असं त्रिंबक कौतुकानं सांगत होता. ती पिशवी उचलून आत गेली. दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. ओढ्याकाठची शेवटची खूण आपण पंधरा दिवस एकटी सोडली, हे तिला खात होतं.

मग तिनं मला पाणी घालायचा सपाटा लावला. सकाळी बादली, संध्याकाळी बादली, वर डोक्यावरूनही. माझा दम कोंडला. शेवटी रखमाजींनीच फोनवर तिला थांबवलं. अंगावर पान नाही, तर पाणी पिणार कोण, असं त्यांनी विचारलं. डोकं कोरडं ठेव, मुळाशीही आठ दिवसांतून एकदाच दे आणि वाट पाहा, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

वाट पाहण्यात महिना गेला. फुटवा कुठूनच येईना. पोंग्याचं कापलेलं टोक तपकिरी पडलं. त्रिंबकला आपली चूक कळली होती आणि त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. त्याच सुमारास गल्लीत पाइपलाइनसाठी खोदायचं मशीन आलं. वाळलेलं खोड कशाला ठेवता, मशीन दारात आहे तोवर काढून घ्या, असं धर्मराजांनी सुचवलं. त्रिंबकनं होकाराची मान हलवली. मशीन चालवणाऱ्या राधेश्यामनं ते फाटकापाशी आणून उभं केलं.

प्रेमला पोळ्या टाकत होती, ती तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिनं राधेश्यामला थांबायला सांगितलं आणि तेच स्टूल माझ्यापाशी आणून लावलं. लग्नाआधी ती उसाच्या खुरपणीला जायची. आतून किडलेल्या उसाचा पोंगा नुसता ओढला तरी हातात येतो आणि त्याला कुजका वास येतो, हे तिला ठाऊक होतं.

"ओढून पाह्यते," ती म्हणाली. "हातात आला तर घेऊन जा हिला. न्हाई आला तर ती जित्ती हाय."

मित्रांनो, तिनं दोन्ही हातांनी पोंगा धरला. माझ्यात जेवढं बळ उरलं होतं तेवढं मी बुडाशी गोळा केलं. तिनं ओढलं. मग स्टुलावर पाय रोवून पुन्हा ओढलं. पोंगा जागचा हलला नाही. तिनं बोटं नाकाशी नेली. वास नव्हता. तिचे हात कोपरापर्यंत ओरखडले होते आणि ती रडत होती.

"मला वाटलं, कपाशीवाणी फुटंल," त्रिंबक म्हणाला. "तुझ्यासाठीच केल्तं."

"कपाशीचं येगळं," ती म्हणाली. "हिला एकच शेंडा हाय. इचारायचं व्हतं."

राधेश्यामचं पलीकडच्या गल्लीत आठ दिवसांचं काम होतं. तेवढ्यात ठरवा, जाताना पुन्हा येतो, असं म्हणून त्यानं मशीन मागे घेतलं.

पोंगा घट्ट होता, पण तो वाढतोय का हे कोणालाच सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्रिंबक मिलमधून सळयांवर खुणा करायचा खडू घेऊन आला. त्यानं पोंगा आणि त्याला चिकटलेला कापलेल्या पानाचा देठ, दोन्हींवरून एक आडवी रेघ ओढली. देठ आता वाढणार नव्हता. पोंगा वाढला, तर रेघ तुटणार होती. कोणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं. शिफ्टला जाताना तो रेघ बघायचा, आल्यावर हात धुवायच्या आधी बघायचा. तीन दिवस रेघ सरळच होती. चौथ्या दिवशीही सरळ. त्या संध्याकाळी तो पायरीवर नुसता बसून राहिला आणि प्रेमलानं पहिल्यांदाच आपणहून त्याला चहा आणून दिला.

पाचव्या दिवशी सकाळी तो बराच वेळ स्टुलावर उभा होता. मग त्यानं प्रेमलाला हाक मारली. पोंग्यावरचा रेघेचा तुकडा देठावरच्या तुकड्यापेक्षा ज्वारीच्या दाण्याएवढा वर गेला होता. प्रेमलानं त्यावर नख ठेवून पाहिलं. हा नुसता भास तर नाही ना, म्हणून दोघं संध्याकाळी पुन्हा बघायला आली. आठवा दिवस उजाडला तेव्हा दोन तुकड्यांमध्ये बोटभर अंतर पडलं होतं.

दुपारी मशीन आलं. त्रिंबकनं त्या दिवशी सुट्टी टाकली होती. तो फाटकात जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात त्यानं दोन्ही खांबांवर ठेवले.

"काय ठरलं मंग?" राधेश्यामनं विचारलं.

"न्हाई काढायची," त्रिंबक म्हणाला. "वाढून राह्यली ती."

तेवढं ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

पावसाळ्यात माझी पहिली पानं उलगडली, ती टोकाला कात्रीनं कापल्यासारखी भुंडी होती. गल्लीतले लोक हसले. हसू द्या. त्या भुंड्या पानांच्या पाठोपाठ आलेलं पान मात्र टोकापर्यंत अखंड आहे. काटेही आले आहेत, पण आता फाटकाकडचं फक्त जून पान तेवढं प्रेमला खालून कापते आणि त्रिंबक स्टूल धरतो.

मित्रांनो, दारात झाड लावाल तेव्हा त्याला ऊन द्या, मोजकं पाणी द्या आणि वाढायला वेळ द्या. आणि आणखी एक विनंती आहे. झाडावर हत्यार चालवायच्या आधी त्याचा जीव कुठे असतो, ते कोणाला तरी विचारा. आम्हाला दुष्टांनी तोडलं तर आम्ही समजू शकतो. पण माझ्यावरचा कोयता प्रेमानं चालला होता, आणि तोही तेवढाच खोल गेला.