नवसाबाईंची राखण

ठण्ण. ठण्ण. ठण्ण.

स्टीलच्या डब्याच्या झाकणावर चमचा आपटत होता. घरी या आवाजाकडे कुणी वळूनही पाहिलं नसतं. पण आम्ही केनियातल्या मसाई माराच्या गवतात गाडी बंद करून, श्वास रोखून बसलो होतो. समोरच्या झाडाच्या आडव्या फांदीवर बिबट्या पसरला होता, चारही पाय खाली सोडून. डॅनियल ड्रायव्हरने ओठांवर बोट ठेवलेलं होतं आणि आमच्या सहलीतल्या रावजींचा कॅमेरा नुकताच सुरू झाला होता.

“हाऽऽ! हाऽऽ हाऽ!” आत्याबाई ओरडल्या आणि पुन्हा झाकण बडवलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, नवसाबाई. बिबट्याने एकदा मान वळवून आमच्याकडे पाहिलं, खोडावरून सरसर उतरला आणि गवतात दिसेनासा झाला.

माझ्या मांडीवर झोपलेली माझी पाच-सहा वर्षांची लेक आरोही दचकून उठली. आत्याबाई चमचा धरून तशाच उभ्या होत्या. एखादं काम वेळेवर उरकलं की त्यांचा चेहरा जसा होतो, तसाच झाला होता. मग त्यांनी गाडीतल्या एकेकाकडे पाहिलं आणि गुपचूप खाली बसल्या.

“मावशी,” रावजी कॅमेरा बंद करत म्हणाले, “बिबट्या बघायला आलो का हाकलायला? हाकलायचेच होते तर दिंडोरीत काय कमी होते?”

मागचे दोघे-तिघे हसले. रावजींच्या पत्नी लंकाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. डॅनियलने इंग्रजीत समजावलं, की इथे आवाज करायला बंदी आहे, कुणी तक्रार केली तर गाडी बाहेर काढतात. आत्याबाईंना मी त्यातलं निम्मंच सांगितलं, तेही मऊ करून.

आमचं दिंडोरीत बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. त्या वर्षी, दोन हजार सात साली, एका कंपनीने तालुक्यातल्या दुकानदारांना जोडीने केनियाची सहल दिली. ह्यांनी ठरवूनच टाकलं. “मी दुकान बघतो. तू आणि आई जा, आरोहीलाही ने.” मी म्हटलं, अहो, जोडीने जायचंय. तर म्हणाले, आई लग्न होऊन घोटीच्या पल्याडहून दिंडोरीला आली, त्यानंतर तिचा लांबचा प्रवास म्हणजे लासलगाव. तिने कधी काही बघायचं?

आणि आत्याबाईंनी बघितलंही. विमानात ढग खाली दिसले तेव्हा त्यांनी पायातल्या चपला काढून ठेवल्या. झेब्रे पाहून म्हणाल्या, गाढवांना पट्टे ओढायला कुणाला एवढी सवड मिळाली. जिराफाची त्यांना काळजी वाटली, पाणी पिताना बिचाऱ्याचे हाल होत असतील. आणि विल्डबीस्टचे, म्हणजे तिथल्या रानगायींसारख्या जनावरांचे कळप आभाळाच्या कडेपर्यंत पसरलेले दिसले, तेव्हा मात्र त्या पुढे वाकून मोजायला लागल्या. शेवटी हळूच विचारलं, “एवढी जनावरं, मनीषा, अन् एक गुराखी नाय? सांजच्याला यांना घराकडं कोण नेतं?”

मी म्हटलं, यांना घरच नसतं. ते त्यांना पटलं नाही.

घरी मळ्यातल्या वस्तीवर त्या रोज दिवेलागणीला ताटली आणि उलथनं घेऊन घराभोवती फेरी मारतात. आमच्याकडे उसात बिबटे असतात, सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण त्या त्याचं नाव घेत नाहीत. ‘जनावर’ म्हणतात. नवी नवरी होते तेव्हा मला त्या ठणठणाटाचा राग यायचा. आरोही पाळण्यात असताना तर जास्तच. नुकतं निजवलेलं बाळ त्यांनी उठवलंच म्हणून समजा.

दुपारी जेवणं झाल्यावर रावजी आमच्या तंबूपाशी आले. उद्या सकाळची शेवटची फेरी आहे, पोरंटोरं, कॅमेरे, सगळेच आस लावून बसलेत, तेव्हा मावशींनी उद्या इथेच आराम केला तर बरं होईल, असं अगदी गोड आवाजात म्हणाले. मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला.

“मी नाय येत. तुम्ही खुशाल जा.”

आत गेले तर त्या पलंगाच्या कडेला बसून नेसायच्या लुगड्याची घडी घालत होत्या. घातलेली मोडून पुन्हा घालत होत्या. आरोही पलीकडच्या पलंगावर तंबूच्या कापडाकडे तोंड करून पडली होती. मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, आत्याबाई, आपण गाडीत होतो, तो झाडावर होता. एवढं कसलं भ्यालात?

त्यांनी घडी बाजूला ठेवली.

मग सांगितलं. त्या आरोहीएवढ्या असताना भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी चालली होती. घरची सगळी माणसं चिखलात, खाली खाचरात. वर बांधावरच्या खोपीत आत्याबाई आणि त्यांचा धाकटा भाऊ, गोटीराम. अजून धड चालतही नव्हता. आईने त्यांच्या हाती ताटली दिली होती आणि बजावलं होतं, वाजवत राहा, जनावर फिरतंय. त्यांनी वाजवली. गोटीराम रडत होता, तशा वाजवत होत्या. त्याला मांडीवर घेऊनसुद्धा वाजवत होत्या.

“मग त्याचा डोळा लागला,” आत्याबाई म्हणाल्या. “म्हणलं, लय रडलाय, निजू दे जरा. गोधडीवर ठेवला अन् ताटली खाली ठेवली. तो उठंल म्हणून.”

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. बाहेर कुणीतरी कपबशा विसळत होतं.

“सकाळी तुझ्या मांडीवर पोरगी निजलेली,” त्या म्हणाल्या. “अन् सगळी कशी गप.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरोहीला स्वेटर चढवला, आणि त्या उठायचं नाव घेईनात, तशी मीही बूट काढून बसले. त्या रागावल्या. लेकाने एवढ्या लांब धाडलं आणि तू तंबूत बसतेस का, म्हणाल्या. मी म्हटलं, ह्यांनी तुम्हाला धाडलं, मी तर सोबतीला आलेय.

तेवढ्यात लंकाबाई शाल गुंडाळून दारात आल्या. “नवसाबाई, चला हो. मी काय एकटीने त्या कॅमेऱ्यांत बसू?”

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

“आज आरोहीला झोपू देणार नाही मी,” मी म्हटलं. “जागीच ठेवते.”

त्यांनी डबा आणि चमचा पलंगाखाली सारला आणि पदर खोचून निघाल्या. रावजी पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण सरकून जागा दिली.

बराच वेळ नुसतं गवत आणि थंड वारं. मी आरोहीला पक्षी दाखवत होते, चिमटे काढत होते, गाणी म्हणायला लावत होते. मग डॅनियलने गाडी हळू केली आणि इंजिन बंद केलं.

बिबट्या रस्त्याच्या कडेलाच बसला होता, उन्हाचा पट्टा पडला होता तिथे. कालचाच की दुसरा, कोण जाणे. इतका जवळ, की मिशांवरचं दव दिसत होतं. गाडीत कुणी हललं नाही. मी बिबट्याकडे नाही, आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. खांदे वर ओढलेले होते. ओठ मिटलेले होते. पण डोळे उघडे होते, आणि त्या बघत होत्या. त्याने जांभई दिली, पंजा चाटला, मग मान टेकवली. त्यांनी जन्मात पहिल्यांदाच त्याला एवढा वेळ नीट पाहिलं असेल.

“केवढं देखणं हाय गं,” त्या पुटपुटल्या. त्यांचे खांदे हळूहळू खाली आले.

रावजींनी कॅमेरा खाली केला. आरोही माझ्या मांडीवर टक्क जागी होती. तिने माझी हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे वळवलं. ती अगदी हळू बोलली, पण त्या शांततेत ते सगळ्या गाडीला ऐकू गेलं. आत्याबाईंनी बिबट्यावरची नजर काढली आणि त्याही माझ्याकडे बघू लागल्या.

“मम्मी, आजीचा गोटीराम झोपलेला होता ना? मग त्याला काही कळलं नसेल, हो ना?”