मिशिगनच्या अलीकडे

विक्रम सकाळी सव्वाआठला निघाला, तेव्हा मालिनी दारापर्यंत गेली नाही. ओट्याशी उभी राहून ती धुतलेलीच भांडी पुन्हा विसळत होती. गराजचं दार वर गेल्याचा आवाज आला, मग इंजिनाची घरघर, आणि तिच्यावर चढवलेला जगन्नाथचा आवाज, "गोडा मसाला नीट ठेवलास ना? नंदामावशीच्या हातातच दे!" मग घरघर कोपऱ्यापर्यंत गेली आणि विरली.

मोटरसायकल घरात आली त्याला आता आठ महिने झाले होते. विक्रमने ती स्वतःच्या कमाईतून, कुणालाही न विचारता घेतली होती. तो वीस वर्षांचा होता, अमेरिकेत जन्मलेला, आणि विचारायचं असतं हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. आई-वडिलांनी त्यावर एकच गोष्ट केली. गाडी नाहीच असं धरून ते वागू लागले. जगन्नाथ आपली कार गराजमध्ये लावताना त्या गाडीला वळसा घालायचा, पण तिच्याकडे बघायचा नाही. तरी विक्रम आज इलिनॉयहून इंडियानामार्गे मिशिगनला जातोय म्हटल्यावर वाटेत राहणाऱ्या मालिनीच्या मैत्रिणीकडे, नंदाकडे, मसाल्याची पिशवी त्याच्याच हाती पाठवली गेली. कुणी कुठे निघालं की त्याच्याबरोबर काहीतरी पाठवायचं, ही सवय रागापेक्षा जुनी होती.

हेल्मेटचा विषय ऑक्टोबरातच निघाला होता आणि ऑक्टोबरातच संपला होता. विक्रम म्हणाला होता, "हेल्मेट तुम्ही घेऊन द्या. आय'ल वेअर इट. प्रॉमिस."

"हेल्मेट घेऊन दिलं म्हणजे गाडीला आम्ही हो म्हटलं," जगन्नाथ म्हणाला होता. "आमचं हो नाही."

मालिनीलाही तेच वाटलं होतं. मुलगी पसंत नाही म्हणायचं आणि साखरपुड्याला जाऊन पहिल्या रांगेत बसायचं, तसं ते झालं असतं. विक्रमही त्यांचाच मुलगा. त्यानेही स्वतः होऊन हेल्मेट घेतलं नाही. इलिनॉयमध्ये कायद्याला ते लागतही नव्हतं. मालिनीने ग्रंथालयात जाऊन कायद्याचं पुस्तक काढून वाचलं होतं. डोळ्यांना गॉगल किंवा चष्मा हवा, डोक्याला काही नको. धुळीपासून डोळे वाचवायचे आणि डोकं उघडं ठेवायचं, या तर्कापुढे ती बराच वेळ ते पान धरून बसली होती.

ती एका रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायची. रंग लावलेल्या पत्र्यावर ठरावीक उंचीवरून वजन सोडायचं आणि भिंगातून तडे बघायचे, हे तिच्या कामातलं रोजचंच. वजन एक किलोचं, नळीतून खाली येणारं. आवाज छोटासा, टक्. ऑक्टोबरपासून तो आवाज झाला की ती क्षणभर डोळे मिटायची, आणि शेजारच्या टेबलावरचं कुणी बघत नाही ना, याची खात्री करायची.

नऊच्या सुमाराला तिने भांडी सोडली आणि जगन्नाथच्या टेबलावरचं ऑटो क्लबचं पुस्तक उघडलं. जुलैच्या सहलीसाठी त्याने ते आणून ठेवलं होतं. पन्नास राज्यांचे वाहनांचे नियम, बारीक अक्षरात. मिशिगनच्या पानावर मोटरसायकलचा एक परिच्छेद होता. हेल्मेट सर्वांना सक्तीचं. हँडलच्या मुठी सीटच्या सर्वांत खालच्या जागेपासून पंधरा इंचांहून उंच नकोत, आणि सीट दबलेली नसताना मोजायचं.

"अहो," ती म्हणाली, "त्याचं ते उंच हँडल केवढं आहे?"

जगन्नाथने वर्तमानपत्र खाली केलं नाही. "मी कधी बघितलंय?"

"मिशिगनमध्ये हेल्मेट लागतं. सगळ्यांना."

"मग पोलीस अडवतील. बरं होईल. चार लोक सांगतील तेव्हा कळेल."

"अडवतील तोवर तो शंभरेक मैल गेलेला असेल."

त्यावर जगन्नाथने पेपर खाली केला, पण तो काही बोलण्याआधीच फोन वाजला.

"मालिनी? अगं, विक्रम आला," मन्स्टरहून नंदा बोलत होती. त्या दोघी पुण्याच्या कॉलेजात एका बाकावर बसल्या होत्या. आता एक इलिनॉयमध्ये, एक इंडियानाच्या अगदी काठावर, मध्ये पन्नास मैल. "मसाला पोचला. पोरगा आला तो केस हे असे उभे! डोक्यावर काही नाही गं याच्या!"

"माहितेय," मालिनी म्हणाली. आवाज तिने सरळ ठेवला. "नंदा, त्याला सोडू नकोस."

"म्हणजे?"

"मी येते. हेल्मेट घेऊन. दीड-दोन तास लागतील. पण मी येतेय हे त्याला सांगू नकोस, लगेच निघेल."

नंदाने आवाज खाली आणला. "थालीपीठं लावते. एकेक. गॅस बारीक ठेवते."

जगन्नाथ दारात उभा होता. "हेल्मेट घेणार? म्हणजे आपण..."

"हो," मालिनी म्हणाली आणि किल्ल्या घेतल्या. "कायदा आहे तिथला. आपण नाही, मिशिगन म्हणतंय." हे वाक्य तिला बरं वाटलं. कार सुरू करताना तिने ते मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं. त्यात कुठेही तिचा होकार नव्हता.

मोटरसायकलच्या दुकानाचं दार दहाला उघडायचं होतं. दहाला पाच कमी असताना ती दाराशी उभी होती. आतल्या दाढीवाल्या माणसाने साइझ विचारला.

"एकोणसाठ सेंटिमीटर. कपाळावरून, भुवयांच्या वर."

"डोकं कुठंय?"

"इंडियानात," ती म्हणाली. "थालीपीठ खातंय." मग स्वतःच गोंधळून म्हणाली, "नाश्ता करतंय."

दोन वर्षांपूर्वी त्याच्यासाठी लोकरीची टोपी विणताना तिने माप घेतलं होतं. वीस वर्षांच्या मुलाचं डोकं आता वाढणार नव्हतं. माणसाने तीन हेल्मेटं पुढे ठेवली. ती प्रत्येक उलटं करून मागचा सरकारी मान्यतेचा शिक्का बघत होती, आतला फोम बोटाने दाबत होती. "हा फोम पुन्हा फुगतो का?" तिने विचारलं. माणूस म्हणाला, एकदा आपटलं की फेकायचं, तो चेपतो म्हणूनच डोकं वाचतं. हे तिला पटलं. आज सकाळपासून कुणीतरी तिला पटेल असं पहिल्यांदाच बोललं होतं.

दुकानाच्या बाहेरच्या फोनवरून तिने नंदाला गाठलं.

"किती झाली?"

"चार. पाचवं तव्यावर. त्याला म्हटलं नळ गळतोय, तर तोही बसवला मेल्याने दहा मिनिटांत! आता घड्याळ बघतोय. कुणीतरी वाट बघतंय म्हणतो मिशिगनला. मालिनी, लवकर ये, पीठ संपत आलंय."

ट्राय-स्टेट टोल रोडवर शनिवारची गर्दी होती. टोल नाक्यावर टोपलीत टाकलेलं एक नाणं कडेला लागून बाहेर उडालं आणि फाटकाचा लाल दिवा हिरवा होईना. दुसरं शोधायला तिने पर्स मांडीवर उपडी केली. मागचा ट्रक हॉर्न देत राहिला. पुढे डाव्या बाजूने एक मोटरसायकल सुसाट निघून गेली. चालवणाऱ्याचं डोकं उघडं होतं, केस पांढरे. विक्रम नव्हे, हे तिला कळत होतं, तरी तो दिसेनासा होईपर्यंत ती त्या डोक्याकडे बघत राहिली. ती ताशी पंचावन्नच्या वर कधी जात नसे. त्या दिवशी काटा पासष्टवर होता, आणि शेजारच्या सीटवर खोक्यातलं हेल्मेट प्रत्येक वळणाला इकडून तिकडे घरंगळत होतं. शेवटी तिने त्याला सीटचा पट्टा लावला.

नंदाच्या गल्लीत ती शिरली तेव्हा पावणेबारा वाजले होते. ड्राइव्हवेवर मोटरसायकल होती. विक्रम तिच्यावर बसलेला होता, किल्ली लावलेली, आणि नंदा एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने त्याच्या पाठीवरच्या पिशवीत लोणच्याची बाटली कोंबत होती.

"मावशी, सीरियसली, नो मोअर," तो म्हणत होता. मग त्याने मालिनीची कार बघितली. "आई?"

मालिनी उतरली. आपण धावत आल्यासारखं दिसू नये म्हणून ती हळू चालत गेली.

"तू सीटवरून ऊठ," ती म्हणाली.

"व्हॉट?"

"सीट दबलेली नको. नंदा, टेप आहे का? शिवणाची."

नंदाने टेप आणली. मालिनीने एक टोक सीटच्या खोलगट जागेवर धरलं, दुसरं मुठीच्या उंचीला नेलं, आडवी पट्टी म्हणून नंदाचा झारा लावला, आणि वाकून वाचलं. "सव्वासतरा. मिशिगनला पंधरा चालतात."

"इलिनॉयला खांद्यापर्यंत चालतं."

"तू इलिनॉयला चाललायस का?"

विक्रमने ओठ चावला. हे त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मालिनीला हायसं वाटलं. इथवर सगळं मोजमापाचं होतं.

"पाना आहे?"

होता. चार बोल्ट सैल केले की हँडल मागे झुकवता येतं, हे त्याने दाखवलं. तो धरायचा, ती मोजायची. आणखी. थोडं आणखी. थांब. पावणेपंधरा. "केबल ओढली जातेय का बघ," ती म्हणाली, आणि त्याने वर बघितलं. तिला केबल कुठली असते हे माहीत असेल, असं त्याला वाटलं नसावं. "दोन्ही बाजूंना वळवून बघ. ब्रेक नीट दाब." त्याने बघितलं. सगळं ठीक होतं. त्याने बोल्ट आवळले, तिने प्रत्येकाला पुन्हा एकदा पाना लावून बघितला. आठ महिन्यांत तिने त्या गाडीला पहिल्यांदा हात लावला होता.

मग ती आपल्या कारपाशी गेली, सीटचा पट्टा सोडला आणि खोकं घेऊन आली.

"हेही लागतं तिथे. कायदा आहे."

विक्रम खोक्याकडे बघत राहिला. "आय नो. माझा फ्रेंड केविन मिशिगनच्या पहिल्याच एक्झिटला, न्यू बफलोला, थांबलाय. त्याच्याकडे एक्स्ट्रा आहे. बॉर्डर क्रॉस केल्या केल्या घालणार होतो." तो हसला, वाईट हेतूने नव्हे. "तू उगाच आलीस, आई."

नंदा टेप गुंडाळत होती, ती थांबली.

मालिनीच्या हातात खोकं तसंच होतं. न्यू बफलो इथून पंचेचाळीस मैल. कायदा तिथून सुरू होत होता आणि परत येताना तिथेच संपणार होता. तिने वाटेत पाठ केलेलं वाक्य आता कुठल्याच कामाचं नव्हतं. मिशिगनने जेवढं मागितलं होतं तेवढं त्याने आधीच देऊन टाकलं होतं. अलीकडच्या पंचेचाळीस मैलांचं मागणारं कुणी असेल, तर ती एकटीच होती.

"केविनचं तुझ्या मापाचं आहे?" तिने विचारलं.

"डोन्ट नो. असेल."

"हे आहे."

"सो?" त्याने मान तिरकी केली. जगन्नाथ वाद घालताना तशीच करायचा. "तूच म्हणाली होतीस, हेल्मेट दिलं म्हणजे येस. सो इज इट अ येस?"

"तसं बाबा म्हणाले होते."

"यू वेअर स्टँडिंग राइट देअर."

ती होती. तिथेच उभी होती आणि गप्प होती.

"मला ही गाडी आवडत नाही," मालिनी म्हणाली. "आवडणारही नाही. तू निघालास की तू पोचल्याचा फोन येईपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही. ते यापुढेही तसंच राहील." तिने खोकं पुढे केलं. "पण हे घाल. इथे. आणि इलिनॉयमध्ये. कुणी विचारत नसेल तिथेसुद्धा."

"सो दॅट्स..."

"हो," ती म्हणाली. "हो म्हणतेय मी."

शब्द निघून गेला. त्यामुळे गाडी सुरक्षित झाली नव्हती, रस्ता रुंद झाला नव्हता. उलट, आजवर जे त्याचं एकट्याचं होतं, त्यात आता तीही सामील होती. उद्या काही झालं तर 'आम्ही नाही म्हटलं होतं' हेही म्हणता येणार नव्हतं. घरी गेल्यावर जगन्नाथला सांगायचं होतं, ते वेगळंच.

विक्रमने हेल्मेट खोक्यातून काढलं आणि डोक्यावर ओढलं. कानांपाशी अडलं. "टाइट आहे."

"टाइटच हवं. हनुवटीचा पट्टा लाव. मान हलव. नुसतं हेल्मेट हलतंय का?"

"नो." आवाज आतून आला, लांबून आल्यासारखा. काचेमागे त्याचे नुसते डोळे दिसत होते. "आई, यू कॅन ब्रीद नाऊ."

"तू पोचल्यावर फोन कर. केविनच्या घरून नको, पहिल्या एक्झिटवरूनच कर. नंदाकडे. मी इथेच थांबते."

"ओके."

"कलेक्ट कॉल कर, पैसे इकडे लागू देत."

"ओके, आई."

त्याने गाडी सुरू केली. नंदाच्या गल्लीच्या टोकाला थांबायची पाटी होती. तिथे तो थांबला, एक पाय खाली टेकला. मोठं, पांढरं, अनोळखी डोकं आधी डावीकडे वळलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. ड्राइव्हवेवर उभी राहून मालिनीनेही डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. रस्ता मोकळा होता. तो वळला.